काश्मीर शैवदर्शन: सुरुवात कुठून करावी

तंत्रालोक, या दर्शनाचा महाग्रंथ, आत्ता उघडू नका. त्याची ३७ आह्निकं (प्रकरणं) आहेत, पहिल्याच आठवड्यात दमछाक होईल. (माझी झाली होती.) त्यापेक्षा क्षेमराजाचं प्रत्यभिज्ञाहृदय घ्या. सूत्रं फक्त २०, आणि ती त्याने तर्कशास्त्रात न मुरलेल्यांसाठीच लिहिली.

दुसऱ्या सूत्रावर मात्र रेंगाळा: चिती, म्हणजे चैतन्य, स्वेच्छेने, स्वतःच्याच भिंतीवर विश्व उलगडते. ‘स्वभित्तौ’ हा शब्द बघा. चित्रही तीच, भिंतही तीच. शांकर अद्वैत वाचून आला असाल तर इथे अडखळाल, कारण इथे जग मिथ्या म्हणून बाजूला सारलेलं नाही.

‘प्रत्यभिज्ञा’ म्हणजे ओळख पटणं. याच परंपरेतल्या उत्पलदेवाचा दृष्टान्त आहे: नुसते गुण ऐकून प्रेमात पडलेली नायिका. प्रियकर समोर उभा, तरी तिला तो चारचौघांसारखाच वाटतो. हाच तो, असं कळेपर्यंत. नवं काही मिळालेलं नसतं.

मराठी वाचकाला एक आडवाटही आहे. ‘ज्ञान हाच बंध’ हे शिवसूत्र (शिवसूत्रं हा या दर्शनाचा मूळ ग्रंथ) ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात नाव घेऊन सांगितलंय. तिसरं प्रकरण काढा, सापडेल.