‘हसतमुख होता, मनमिळाऊ होता’ याच्या पुढे काय?

प्रश्न : धाकटा भाऊ ४७व्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकने गेला. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची आहे. तीसेक जणांना ‘चार ओळी लिहून द्या’ म्हटलं. आलं ते सगळं सारखंच : हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. यात तो कुठेच दिसत नाही. काय करावं?
— एक वाचक, सांगली

‘चार ओळी द्या’ म्हटलं की माणूस शोकसभेत बोलल्यासारखं लिहितो, त्यात त्यांचा दोष नाही. मागणी बदला. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, आणि तोही फक्त त्यालाच उत्तर देता येईल असा. शाळेतल्या मित्राला : त्याचं टोपणनाव कसं पडलं? ऑफिसातल्या सोबत्याला : डबा उघडल्यावर पहिला हात कशाला जायचा, आणि साहेबांवर चिडला की काय करायचा? ‘कसा होता?’ विचारलं की विशेषणं येतात. ‘त्या दिवशी काय झालं?’ विचारलं की प्रसंग येतो.

ऐंशीच्या माणसाच्या गोष्टी घरात शंभरदा सांगून झालेल्या असतात. पन्नाशीच्या आत गेलेल्या माणसाने त्या सांगायला अजून सुरुवातच केलेली नसते. त्या तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्यांकडे पडून असतात. मुलांना तर बापाची शेवटची दहा-बाराच वर्षं आठवतात. त्याचं कॉलेज, पहिली नोकरी त्यांना ठाऊकच नसते. त्यामुळे आई-वडील हयात असतील तर पहिली बैठक त्यांच्याशी, मग बालमित्र, ऑफिस सगळ्यात शेवटी.

लिहून मागण्यापेक्षा बोलून घ्या. फोनचं रेकॉर्डिंग लावा, फोन टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा (नुसत्या टेबलावर कपबशीचा प्रत्येक आवाज घणासारखा उमटतो), पंखा बंद करा. कुकर लावलेला नको. वृद्धांशी एका वेळी अर्धा तास पुरे. हातात एखादी वस्तू द्या : त्याची पकड-पान्यांची पेटी, जुना शर्ट, दहावीचा ग्रुप फोटो. वस्तू हातात असली की बोलणं आपोआप सुरू होतं. ते थांबले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते.

उतरवून घेताना ‘त्यो म्हनला’ असं असेल तर ‘तो म्हणाला’ करू नका. आणि कॅरममध्ये हरल्यावर दोन दिवस अबोला धरायचा, हेही राहू द्या. नुसते गुण छापले की माणूस फ्रेममधल्या फोटोसारखा होतो. वगळायचं ते उधारी, वाटणीचे वाद आणि आयसीयूचे तपशील. सगळा मजकूर छपाईआधी वहिनींना आणि मुलांना वाचून दाखवा. त्यांनी नको म्हटलेली ओळ कारण न विचारता काढा.

एक हिशेब आधीच करा. वर्षश्राद्ध तिथीने असेल तर साध्या वर्षात ते तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येतं. मध्ये अधिक महिना आला तर १८-१९ दिवस पुढे जातं. गुरुजींना दिवस विचारून मगच छापखान्याला तारीख द्या.

प्रश्न : बायकोचा आवाज फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट्समध्ये उरला आहे. तिचं सिम बंद केलं तर त्या जातील का?
— एक वाचक, पुणे

तुमच्या फोनवर आलेल्या नोट्स तिचं सिम बंद झाल्याने जात नाहीत. पण घाई करू नका. बँक आणि विम्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, ती कामं आधी उरका. बंद केलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते, आणि १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सअ‍ॅप खातं साधारणपणे काढून टाकलं जातं. तिच्या फोनचा पासवर्ड माहीत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका. ठरावीक चुकांनंतर सगळं पुसून टाकण्याची सोय काही फोनमध्ये चालू असते.

चॅट ‘एक्स्पोर्ट’ करता येतं, पण मीडियासह केलं तर फक्त अलीकडचे सुमारे १०,००० मेसेज येतात. जुन्या नोट्स नेमक्या त्याच्या मागे असतात. म्हणून अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला जोडून ‘व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स’ हा अख्खा फोल्डरच उतरवा. फाइलच्या नावात तारीख असते, माणसाचं नाव नसतं. दूधवाल्याच्या नोट्सही त्यातच. ऐकून तिच्या वेगळ्या करा आणि नाव द्या : ‘२०२३-०४-१२ येताना कोथिंबीर’. मूळ फाइल तशीच ठेवा, नातेवाइकांना एमपी३ प्रत द्या. एक प्रत स्वतःकडे, दुसरी दुसऱ्या घरी. एकट्या पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत नाहीत. ओढले तर फाटतील?
— एक वाचक, नाशिक

फाटतील. दात साफ करायचा धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे सरकवा. अडला तर सोडून द्या आणि पान तसंच स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे दुप्पट आकारात छापता येतील. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन मात्र कधीच नको.

प्रश्न : स्मरणिका छापताना कुठे चुकतं?
— एक वाचक, ठाणे

फोटो आणि फॉन्ट. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला बहुधा १६०० पिक्सेलचा होतो. ३०० डीपीआयला तो जेमतेम सव्वापाच इंच छापता येतो. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि बरेच डीटीपीवाले (छपाईसाठी पानं जुळवणारे) श्रीलिपी या वेगळ्या फॉन्टपद्धतीत काम करतात. रूपांतरात ‘ऱ्य’ आणि ‘अ‍ॅ’ हमखास तुटतात. दोस्तांनी ठेवलेली नावं तर याच अक्षराची : सुऱ्या, किशोऱ्या. प्रूफात तीच आधी तपासा, आणि एक वाचन घराबाहेरच्या माणसाकडून करून घ्या. घरच्यांचे डोळे पाण्याने भरतात, चुका सुटतात.

मध्ये पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात : १६, २०, २४. मजकुराला १०० जीएसएम मॅपलिथो (साधा, न चमकणारा कागद; जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड (गुळगुळीत जाड कागद). शंभर-दीडशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते. चारच्या हिशेबात दोन-तीन पानं उरलीच तर कोरी सोडा, वर ‘तुम्हाला आठवतं ते’ एवढंच छापा आणि त्या दिवशी टेबलावर पेनं ठेवा. फक्त ती पानं आर्ट पेपरवर घेऊ नका, त्यावर पेन घसरतं.