चौथे हिस्से चाळीस कसे? ढालीवरच्या घरांविषयी

प्रश्न असा आहे : एका इंग्रज उमराव घराण्याचा इतिहास मराठीत आणताना ‘त्यांच्या ढालीवर चाळीस क्वार्टरिंग्ज होती’ असं वाक्य आलं. ढाल म्हणजे इथे घराण्याचं चिन्ह काढलेली ढाल. क्वार्टर म्हणजे चौथा हिस्सा. मग चौथे हिस्से चाळीस कसे असतील? आणि मराठीत याला काय म्हणावं?

सुरुवात चारापासूनच झाली. फर्नांदो तिसरा याला आजच्या स्पेनमधलं कास्तिलचं राज्य १२१७ साली आईकडून मिळालं आणि १२३० साली वडिलांचं लेओनही त्याच्याकडे आलं. कास्तिलचं चिन्ह किल्ला, लेओनचं सिंह. दोन्ही नावावरूनच घेतलेली. ती एका ढालीवर आणायची म्हणून एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार भाग केले : वर किल्ला-सिंह, खाली सिंह-किल्ला. चौभागी ढालीच्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी हे एक, आणि त्यात मान आईच्या राज्याला पहिला. फर्नांदोची मुलगी एलिनॉर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डची राणी झाली. १२९० साली ती वारली. वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या तिच्या समाधीवर हीच चौभागी ढाल कोरलेली आहे.

पुढे १३४० साली तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला, तो आई इझाबेलाच्या नात्याने. ती फ्रान्सच्या चौथ्या फिलिपची मुलगी. त्याने इंग्लंडचे सिंह दुसऱ्या जागी सरकवले आणि पहिल्या जागी फ्रान्सची लिलीची फुलं बसवली. फ्रान्समधलं शेवटचं ठाणं कॅले १५५८ साली हातचं गेलं, तरी ती फुलं इंग्लंडच्या राजचिन्हावरून उतरली १८०१ साली. ढालीवरचा दावा जमिनीवरच्या सत्तेपेक्षा किती चिवट असतो ते यात दिसतं.

दोनाची चार झाली, मग सहा, आठ, वीस. भाग वाढले तरी शब्द जुनाच राहिला. म्हणजे इथे क्वार्टरचा अर्थ ‘चौथा हिस्सा’ उरलेलाच नाही. अर्थ आहे ‘ढालीवरचा एक कप्पा’. म्हणून ‘चतुर्थांश’ लिहू नये. मी ‘घर’ लिहीन. बुद्धिबळाच्या पटावर घर असतं, कुंडलीत घर असतं. शिवाय ‘मोठ्या घरची मुलगी’ म्हणताना आपण घराणंही त्याच शब्दाने सांगतो. ढालीवरच्या कप्प्यात नेमकं तेच बसलेलं असतं, दुसरं घराणं. ‘चाळीस घरांची ढाल’ म्हटलं की दोन्ही अर्थ आपोआप येतात.

अनुवादात खरी चूक पुढे होते. चाळीस घरं म्हणजे चाळीस लग्नं, किंवा सगळे पूर्वज, असं वाचक धरून चालतो. इंग्लंडच्या रिवाजात तसं मुळीच नाही. तिथे लग्न झालं की नवरा-बायकोची चिन्हं एका ढालीत शेजारीशेजारी मांडतात : नवऱ्याचं उजवीकडे, बायकोचं डावीकडे. (उजवं-डावं ढाल धरणाऱ्याचं, बघणाऱ्याला उलट दिसतं. वर्णन भाषांतरित करताना हे विसरलं तर नवरा-बायकोची अदलाबदल होते.) याला ‘जोडढाल’ म्हणता येईल. ही जोडढाल त्या जोडप्यापुरतीच. बायकोला भाऊ असतील तर तिचं चिन्ह मुलांकडे जात नाही. पुढच्या पिढीच्या ढालीवर त्या लग्नाची खूणही राहत नाही.

बायकोला भाऊ नसेल, किंवा भाऊ निर्वंश गेले असतील, तर मात्र वडिलांच्या पश्चात ती आपल्या घराण्याच्या चिन्हाची वारस ठरते. बहिणी असतील तर सगळ्या सारख्याच वारस. इस्टेट किती, याच्याशी संबंध नाही. अशा वेळी तिचं चिन्ह शेजारी न मांडता नवऱ्याच्या ढालीच्या मध्यभागी छोटी ढाल म्हणून बसवतात, आणि मुलांना ते घर म्हणून मिळतं. तिच्या वडिलांच्या ढालीवर आधीपासून पाच घरं असतील तर तीही सोबत येतात. घरं साधारण ज्या क्रमाने मिळाली त्या क्रमाने लावतात, आणि शेवटचं रिकामं राहिलं तर पहिलंच चिन्ह तिथे पुन्हा काढतात.

तेव्हा इंग्लिश ढालीवरचं पहिलं, घराण्याचं मूळ चिन्ह सोडलं, तर बाकीचं जवळजवळ प्रत्येक घर हे कुठेतरी एक पुरुषवंश संपल्याची नोंद असतं. भाऊ नसलेली एक मुलगी, आणि तिच्या मुलांनी आजोळचं जपलेलं चिन्ह. मला या सगळ्या शास्त्रात हे सर्वांत हृद्य वाटतं : बापापासून मुलाकडे जाणारी ही ढाल खरी भरते ती मुलींमुळे.

ही हौस कुठवर जाते त्याचं टोक म्हणजे इंग्लंडमधल्या स्टो इथलं ग्रेनव्हिल घराणं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी करून घेतलेल्या चित्रफलकावर ७१९ घरं आहेत. ज्याच्यासाठी तो केला त्याचं आडनावच टेंपल-न्यूजंट-ब्रिजेस-चँडॉस-ग्रेनव्हिल होतं. पुढे बकिंगहॅमचा ड्यूक झालेला हाच माणूस कर्जात बुडाला आणि १८४८ साली स्टोच्या वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव ४० दिवस चालला.

ढालीवरच्या या चिन्हाला इंग्रजीत ‘कोट ऑफ आर्म्स’ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणावं? कोट म्हणजे चिलखतावर घालायचा झगा. ढालीवरचं चिन्ह त्यावरही काढत. मराठीत ‘कुलचिन्ह’ रूढ आहे आणि ते चालेल, फक्त एक सांभाळावं. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाचं नसतं; ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. तेच आडनाव लावणाऱ्या दुसऱ्या कुणाचा त्यावर हक्क नाही. थोरला मुलगाही बाप हयात असेपर्यंत ढालीवर तोरणासारखी एक पट्टी लावतो. दुसऱ्या मुलासाठी चंद्रकोर, तिसऱ्यासाठी तारा. पोलंडमध्ये उलट. तिथे वेगवेगळ्या आडनावांची कित्येक घराणी एकच चिन्ह वापरतात. तिथे ‘कुलचिन्ह’ अगदी चपखल बसतं.

आपल्याकडच्या ‘देवक’ शब्दाचा मोह मात्र टाळावा. पंचपालवी किंवा कळंब हे देवक बापाकडून येतं, आणि समान देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही. लग्न कुठे करायचं नाही हे देवक सांगतं. झालेल्या लग्नाची नोंद त्यात होत नाही. ‘ढाल’ शब्द वापरायला मात्र संकोच नको. मराठी फौजेत मुख्य निशाणालाही ढालच म्हणत आणि ते वाहणारा हत्ती तो ढालगज. ‘ढालगज भवानी’ तिथूनच आली.

आता तुमच्या पुस्तकात पुढे जर्मन किंवा फ्रेंच पात्र आलं आणि त्याची ‘सोळा क्वार्टर्स’ निघाली, तर ‘घर’ वापरू नका. तिथे सोळा म्हणजे खरोखरच सगळे पूर्वज : आजोबा-आजी चार, पणजोबा-पणजी आठ, खापरपणजोबा-खापरपणजी सोळा, आणि ते सोळाही कुलीन असल्याचा पुरावा. भाऊ असणं-नसणं तिथे मोजत नाहीत. काही सरदारी संघांत प्रवेशासाठी असा पुरावा द्यावा लागे, आणि जर्मन समाध्यांच्या कडेने या पूर्वजांच्या छोट्या ढाली ओळीने कोरलेल्या दिसतात. तिथे ‘सोळा कुलीन पूर्वज’ असं सरळ लिहावं.