शेवाळाला नोकरी कोण देणार?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. पावसाळी नाला नदीला मिळतो तिथले दगड मी प्रकल्पासाठी पाहते आहे. जोराच्या पावसानंतर ते घासल्यासारखे स्वच्छ झाले, आणि तीन आठवड्यांनी त्यांच्यावर लांब हिरव्या तंतूंचं शेवाळ आलं. मग या घाण पाण्याने शेवाळ मरतं की वाढतं? यातच पुढे शिकावंसं वाटतं, पण घरचे विचारतात, शेवाळाला नोकरी कोण देणार?

उत्तर : घरच्यांच्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी तुझा. दोन्ही होतं. लोंढा वाळू-गाळ घेऊन येतो आणि दगडावरचा थर खरवडून नेतो. पाणी गढूळ असेपर्यंत तळाशी उजेडही पोहोचत नाही. लोंढा ओसरला की खतं, मैला, जनावरांची विष्ठा यांतून आलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरस कामाला लागतं, आणि क्लॅडोफोरासारखी तंतुमय शेवाळं फोफावतात. यात तिसरा भिडूही आहे. ब्रेक पॅडच्या झिजेतून तांबं येतं, टायर आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवरून जस्त. मोरचूद म्हणजे तांब्याचंच क्षार, आणि ते शेवाळ मारायलाच वापरतात! त्यात ॲट्राझिन, डाययुरॉनसारखी तणनाशकं आली तर ती शेवाळाचंही प्रकाशसंश्लेषण अडवतात.

म्हणून दगड किती हिरवा आहे, यावरून फारसं कळत नाही. मागे कोण उरलं, ते बघायचं. निट्झशिया पेलिया हा डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शेवाळ, घाणीत तग धरतो, नाजूक जाती निघून जातात. हे ओळखून नदीची तब्येत सांगता येते, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी 1908 मध्ये अशा वनस्पतींची यादी मांडली. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी 1948 मध्ये कोनेस्टोगा खोऱ्यातल्या पाहणीत डायटमचा असाच उपयोग केला. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या पाणीविषयक कायद्यात तर तळावरच्या शेवाळाची तपासणी नद्यांच्या मूल्यमापनाचा भाग आहे.

आता नोकरी. ‘शेवाळतज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. पाण्याची गुणवत्ता, नदी परिसंस्था, पर्यावरणीय मूल्यमापन या नावांखाली शोध. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळांनाही हे ज्ञान लागतं, कारण डायटम गाळण्या तुंबवतात आणि काही सायनोबॅक्टेरिया (निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते) विष तयार करतात. नुसत्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर मात्र अडशील. संख्याशास्त्र, आर ही संगणकभाषा आणि नकाशांचं काम शीक. हल्ली डीएनएवरूनही जाती ओळखतात, पण तो डीएनए कोणत्या जातीचा, हे आधी कुणीतरी मायक्रोस्कोपखाली पाहून ठरवलेलं असावं लागतं.

मला काळजी वेगळीच आहे. हे काम नदीकाठी थोडं आणि खुर्चीत फार चालतं. टूथब्रशने दगडाचा मोजलेला तुकडा घासायचा, नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवायचा, म्हणजे सेंद्रिय भाग जळून डायटमची काचेसारखी कवचं उरतात. मग हजारपट मोठं करून, तेलाच्या थेंबाखाली, एका स्लाइडवर 300-400 कवचार्धं नावानिशी मोजायची. पाठ भरून येते. पहिल्या महिन्यात सगळी सारखीच दिसतात. एम.एस्सी.चा अर्ज भरण्याआधी शिक्षकांच्या देखरेखीखाली अशा दहा स्लाइड मोज. अकरावी हातात घ्यावीशी वाटली तर अर्ज भर. नाही वाटली तर पावसाचं पाणी नदीआधीच मुरवण्या-गाळण्याची रचना करणारं पर्यावरण अभियांत्रिकीचं क्षेत्र आहे. तुझ्या पदवीनंतर तिकडे वळायला थोडा वळसा पडेल, इतकंच.

आणि एक राहिलं. नाला मिळण्याआधीचे, नदीच्या वरच्या अंगाचे दगड तू पाहिलेस का? पत्रात उल्लेख नाही. तिथेही तसंच शेवाळ असेल तर नाल्याला दोष देता येणार नाही. दोन्हीकडचे नमुने एकाच दिवशी घे, आणि विरघळलेला ऑक्सिजन पहाटे मोज. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, तेव्हा आकडा छानच येतो.