ट्रेल कॅमेऱ्यासाठी घरच्या घरी स्टँड कसा बनवावा आणि त्यावर कोणते बॉलहेड लावावे?

वाळवा तालुक्यात उसाच्या बांधावर बिबट्याच्या नोंदीसाठी ट्रेल कॅमेरा, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा आहे, जवळ झाड नाही आणि खर्चही फार करायचा नाही, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हव्या त्या कोनात वळवून घट्ट करायचे गोळ्याचे डोके, घेऊच नये. स्टँडचा सगळा विचार आणि पैसा पायावर खर्च करावा. कॅमेऱ्यातील सेन्सर समोरच्या उष्णतेतील बदल टिपतो. कॅमेराच डुलू लागला की उन्हाने तापलेले दगड आणि गवत त्याच्यासमोरून सरकतात, आणि तो जनावर नसतानाही फोटो काढत राहतो.

हे मी ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. पाटण तालुक्यात आमच्या वाडीच्या वर जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, आहे आणि त्याच्या उतारावर नाचणीची शेते आहेत. पीक निसवल्यावर रात्री कोणते तरी जनावर उतरून ते खात असे. कोणी गवा म्हणे, कोणी सांबर, कोणी डुक्कर. भरपाईच्या अर्जात प्राण्याचे नाव लिहावे लागते, म्हणून वाडीने सड्यावरच्या मालकीच्या जागेत कॅमेरा लावायचे ठरवले. ज्या निसर्गमंडळाकडून कॅमेरा मिळाला त्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आग्रहाने छायाचित्रणाचा तिपाई स्टँड आणि बॉलहेड आणले, आणि मी वेल्डिंगच्या दुकानातून स्टँड करून आणतो म्हटल्यावर, असल्या गावठी साधनांनी शास्त्रीय नोंदी होत नसतात, असे सर्वांसमोर सुनावले. सड्यावरचा वारा त्यांना ठाऊक नव्हता. पहिल्या फेरीत कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड हलणाऱ्या गवताच्या फोटोंनी भरले, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत बॉलहेड ओलाव्याने व वजनाने घसरून कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे वळले होते.

त्यानंतर मी माझी चौकट वर नेली. जांभ्यात खुंट ठोकला जात नाही आणि वर माती जेमतेम बोटभर असते, म्हणून पाया जमिनीत नव्हे, जमिनीवर हवा होता. पाऊण इंची लोखंडी अँगलची (काटकोनात दुमडलेल्या पट्टीची), दीड फूट बाजूची चौरस चौकट, तिच्या तळाला दोन आडव्या पट्ट्या, मध्ये दोन फूट उंचीचा एक इंची चौकोनी पाईप आणि चौकटीच्या कोपऱ्यांपासून पाईपापर्यंत तिरके टेके, एवढेच काम. वजन खांद्यावरून नेण्याइतके हलके असते. जड करणारे दगड सड्यावर हवे तेवढे पडलेले असतात आणि ते पट्ट्यांवर रचले की काम झाले. पाईपाला गव्याने मान घासल्याचे फोटो आमच्याकडे आहेत, तरीही नाचणी कापून होईपर्यंत प्रत्येक फोटोत समोरचा तोच दगड त्याच कोपऱ्यात राहिला. याला मी शास्त्रीय नोंद म्हणतो, कारण कॅमेरा जागचा हलला नसेल तरच त्याच जागी खुणा केलेली काठी धरून जनावराच्या उंचीचा अंदाज नंतर काढता येतो. त्या सहकाऱ्यांनी ते फोटो अहवालात वापरले, स्टँडचा मात्र उल्लेख केला नाही.

कॅमेरा स्टँडवर बसवणाऱ्या बोल्टबाबत काळजी घ्यावी. कॅमेऱ्याखालचे आटे पाव इंची बोल्टचे आणि एका इंचात वीस असतात, आणि हार्डवेअरच्या दुकानात ‘दोन सुती’ म्हणून मिळणारा पाव इंची बोल्ट त्यात चालतो. दुकानदार सहा एमएमचा बोल्ट पुढे करेल. तो एक-दोन फेरे जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की आटे कायमचे खराब होतात. बोल्ट लांब असेल तर मध्ये वॉशर घालावेत.

तुमच्या काळ्या मातीचे दुखणे वेगळे आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नुसता ठोकलेला पाईप काही आठवड्यांत सैल होतो. पाईपाच्या खालच्या टोकाला अँगलचे दोन आडवे तुकडे वेल्ड करून तो दोन फूट खड्ड्यात पुरावा आणि माती थरावर थर देऊन चोपावी. बिबट्यासाठी कॅमेरा जमिनीपासून चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरवर ठेवावा, तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असावे, आणि समोरची लोंबणारी उसाची पाने काढून टाकावीत. सेन्सर आडव्या चालीला लवकर जागा होतो, म्हणून वाटेच्या थेट रेषेत कॅमेरा रोखू नये. एप्रिल-मे महिन्यांत दिवसा हवा जनावराच्या अंगाइतकीच तापते, आणि सेन्सरला फरक कळत नाही, तेव्हा दुपारी एखादे जनावर टिपायचे राहिले तर स्टँडला दोष देऊ नये. बिबट्या कोणता हे ओळखायचे असेल तर दोन्ही बाजूंना कॅमेरे लागतील, कारण डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात.

चोरीचे आपण विचारले आहे. पुरलेल्या पाईपाला साखळी वेल्ड करावी, पण लोखंडी कुलूपपेटी लावू नये. ती लांबून दिसते आणि आत काही मौल्यवान आहे हे सांगते. शेजारच्या शेतकऱ्यांना आधी सांगून ठेवावे. बायका शेतात जाण्या-येण्यासाठी वापरतात त्या पायवाटेवर कॅमेरा रोखणे गैर आहे, त्यामुळे ती दिशा टाळावी.

हे सर्व मालकीच्या जमिनीपुरते आहे. सागरेश्वर अभयारण्यात किंवा चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही, आणि आपल्या बांधावर लावतानाही वनरक्षकांना कळवलेले चांगले. उसात पिल्ले असल्याचा संशय असेल तर कार्ड काढायला जाऊ नये.

बॉलहेड आधीच विकत घेतले असेल, तर ते कोन ठरवण्यापुरते वापरावे. जागेवर कोन पक्का झाला की त्याच कोनात अँगलचा तुकडा पाईपाच्या डोक्यावर वेल्ड करून घ्यावा आणि बॉलहेड घरी ठेवून द्यावे.