समितीवर जाण्याआधी

प्रिय मुली,

तुझी मेल दोनदा वाचली. भारतीय मानक ब्युरोच्या समितीवर संस्थेनं तुझं नाव दिलं, आणि सिमेंट, काच, इन्सुलेशनवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो तर आपण त्यांचेच होऊन जाऊ, अशी तुला धास्ती आहे. या धास्तीवर मी शब्द खर्च करणार नाही. उत्पादक, वापरणारे, प्रयोगशाळा, सरकारी खाती हे सगळे एका टेबलाशी मुद्दामच बसवलेले असतात. दुसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे: पहिल्याच बैठकीत आरईटीव्ही १५ वरून १२ वर आणायची मागणी लावून धरू का?

आरईटीव्ही म्हणजे छत सोडून घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता, दर चौरस मीटरला वॉटमध्ये. २०१८ च्या इको निवास संहितेनं, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनं, ती जास्तीत जास्त १५ वर बांधली आणि पुढे १२ वर न्यायचा इरादाही तेव्हाच सांगितला. म्हणजे आकडा कुणाला नवा नाही. तू विचारायला हवंस ते दुसरंच. ही गोष्ट साइटवर कोण तपासणार, केव्हा तपासणार, कशाने तपासणार? या तिन्हींचं उत्तर कलमातच नसेल, तर ते कलम कितीही कडक असो, मी त्याला कलम म्हणत नाही.

छताचंच बघ. त्याच संहितेत छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, जास्तीत जास्त १.२. नुसता १५० मिमीचा स्लॅब ३.३ च्या आसपास जातो, त्यावर ५० मिमी एक्सपीएस, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या शीट, टाकलं की ०.५ च्या जवळ येतो. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात ५० च्या जागी २५ मिमीच्या शीट येतात, सांध्यांत बोटभर फटी राहतात, पॅरापेटच्या कडेला पट्टा उघडा सुटतो, आणि दोन दिवसांत वर कोबा पडतो. त्यानंतर फोडल्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून तपासणीची वेळ कलमात हवी: वॉटरप्रूफिंग झालं, शीट बसल्या, वरचं संरक्षक कापड (जिओटेक्स्टाइल) अजून पसरलेलं नाही, नेमकी ती वेळ. टेप लावून फोटो, ठरावीक क्षेत्रामागे सुई खुपसून जाडीची एक नोंद, आणि आलेल्या लॉटचा आयएस ३३४६ या भारतीय मानकाप्रमाणे उष्णतावहनाचा अहवाल. कामाचा क्रमही लिहून घे. पाणी शोषणारं इन्सुलेशन वॉटरप्रूफिंगच्या वर ठेवलं तर पहिल्या पावसाळ्यातच त्याचा उपयोग संपतो.

खिडक्यांत याहून जास्त फसवणूक चालते, आणि ती बहुतेक वेळा अजाणता होते. संहितेप्रमाणे मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात खिडक्या-दरवाज्यांचं उघडणारं क्षेत्र कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के हवं. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला १० चौरस मीटर. ड्रॉइंगवर पूर्ण खिडकी मोजली जाते, पण दोन झडपांची स्लायडिंग खिडकी उघडते निम्मीच. तीन झडपांची ६७ टक्के, बाहेर उघडणारी कब्ज्याची ९० टक्के. म्हणजे सगळीकडे दोन झडपांचं स्लायडिंग असेल, तर खिडक्या आणि बाल्कनीचे दरवाजे मिळून २० चौरस मीटर लागतील. परवानगीच्या अर्जात प्रत्येक खिडकीचा प्रकार लिहायला लावलास, तर पालिकेचा इंजिनीअर टेप घेऊन अर्ध्या तासात हे पडताळू शकतो. पुन्हा तेच: कोण, केव्हा, कशाने.

एएसी ब्लॉकवर, म्हणजे भिंतीच्या हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, तुझी सगळ्यांत जास्त खडाजंगी होईल. आयएस २१८५ भाग ३ मध्ये घनमीटरला ५५१ ते ६५० किलो घनतेच्या ब्लॉकला उष्णतावहनाची मर्यादा ०.२४ आहे. ब्रोशरमध्ये ०.१६ दिसेल आणि हिशेब त्यावरच मांडलेला असेल. शिवाय हे मोजमाप कोरड्या ब्लॉकचं. जुलैत उघड्यावर भिजलेला ब्लॉक तसाच लावून प्लास्टर केला, तर भिंत वाळेपर्यंत तो आकडा खोटाच, वर प्लास्टरला तडे. तू एवढंच मागायचं: अहवाल त्याच घनतेचा, त्याच कारखान्याचा असेल तरच त्यातला आकडा धरावा, नाहीतर मानकातला. यावर मागे हटू नकोस. काचेचंही तसंच. बसवल्यावर साधी काच आणि उष्णता अडवणारी काच नुसत्या डोळ्यांनी बऱ्याचदा ओळखता येत नाही, म्हणून न निघणारी खूण हवी.

आता कामाची पद्धत. मसुदा सर्वांच्या अभिप्रायासाठी खुला होतो तेव्हा ठरलेल्या तक्त्यात कलम क्रमांक, आक्षेपाचा प्रकार, आक्षेप आणि सुचवलेला मजकूर भरायचा असतो. 'अधिक कडक करावे' असं लिहून पाठवू नकोस, कृपा कर! त्यावर समितीला करण्यासारखं काही उरत नाही. छापता येईल असं पूर्ण वाक्य दे. मोठ्या बैठकीत भाषा ठरत नाही, ती छोट्या गटात ठरते. त्या गटात जागा माग, कंटाळवाणं काम अंगावर घेऊन माग. प्रयोगशाळेतल्या माणसाला आधी फोन कर: चाचणीला किती दिवस, किती खर्च, यंत्रं किती ठिकाणी आहेत? बैठकीत तुझ्या बाजूनं बोलणारा तोच असेल.

मला हट्टी म्हणतात, एका कलमावर तास घालवतो म्हणतात. घालवतो. एसी दहा-बारा वर्षांनी बदलता येतो. भिंत आणि छत आहे तसं पन्नास-साठ वर्षं राहतं, आणि तेवढी वर्षं त्या घरातला माणूस बिल भरतो किंवा उकाड्यात झोपतो. कितीतरी चांगले आकडे कागदावरच मेले, कारण मोजायचं कुणी हे लिहायला सगळे कंटाळले. ही खंत मला स्वस्थ बसू देत नाही, आणि तुझ्याशी असं कडक बोलायला लावते. तुझ्या तळमळीबद्दल मला शंका नाही, तू असतेस तिथे माणसं ऐकतात. म्हणूनच तो आवाज १२ की १५ यावर संपवू नकोस. १२ मागच, पण तपासणीचं परिशिष्ट जोडून माग. परिशिष्टाशिवाय १२ मिळण्यापेक्षा परिशिष्टासकट १५ मिळालेलं मला चालेल. तुला पटणार नाही, तरी मी हेच म्हणेन.

मसुदा छापून घे. समासात तीन रकाने आख आणि प्रत्येक कलमासमोर भर: कोण, केव्हा, कशाने. ज्या कलमांसमोर रकाने रिकामे राहतील, त्यांची यादी बैठकीच्या आठवडाभर आधी मला पाठव. त्यांचा मजकूर आपण मिळून लिहू.