कार रेस किंवा रॅली बघायला जाणं सेफ असतं का? पूर्वी प्रेक्षकच मरायचे म्हणतात, खरं आहे का?

खरंय, मरायचे, आणि एकदोघं नाही. तुम्ही लिहिलंय की मित्रांबरोबर नाशिकच्या बाजूला रॅली बघायला जायचंय आणि घरचे घाबरतायत, तर आधी सरळ सांगतो, ट्रॅकवरची रेस असती तर बिनधास्त जा म्हटलं असतं, रॅलीत, म्हणजे ट्रॅक सोडून साध्या रस्त्यांवर गाड्या पळवतात त्यात, मात्र निम्मी सेफ्टी तुमच्याच हातात असते.

सगळ्यात भयानक किस्सा फ्रान्समधल्या ल मांचा. ११ जून १९५५, २४ तासांची रेस, दुपारी ४ ला सुरू झालेली, साडेसहाच्या सुमाराला हॉथॉर्न नावाच्या ड्रायव्हरने पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागेत, जायला जॅग्वारचे ब्रेक मारले. आता पिटला वेगळी लेन वगैरे काही नव्हतीच, ट्रॅकला लागूनच पिट, मध्ये साधी भिंतसुद्धा नाही. मागचा मॅकलिन त्याला चुकवायला डावीकडे आला आणि त्याच्या मागून लेव्हेगची मर्सिडीज ताशी दोनशे किलोमीटरच्या कितीतरी वर स्पीडने येत होती, ती मॅकलिनच्या गाडीच्या उतरत्या शेपटावरून चढून उडाली आणि बांधावर आपटली. बांध म्हणजे मातीचाच हां, पब्लिक आणि गाड्यांच्या मध्ये तेवढंच काय ते होतं. इंजिन, पुढचा अ‍ॅक्सल, बॉनेट सगळं सुटून गर्दीतून कापत गेलं. ऐंशीच्या वर माणसं गेली. गाडीची बॉडी मॅग्नेशियमची, त्यामुळे पाणी मारलं तर आग आणखी भडकली. आणि रेस थांबवली नाही! आयोजकांचं म्हणणं असं की सगळं पब्लिक एकदम बाहेर पडलं असतं तर रस्ते तुंबून अ‍ॅम्ब्युलन्स अडकल्या असत्या. लोक त्यांना अजून शिव्या घालतात, पण मला तरी ते कारण पटतं. मर्सिडीजने रात्रीतून उरलेल्या गाड्या काढून घेतल्या, हॉथॉर्न जिंकला.

खरं दुखणं हे होतं की रेस १९२३ पासूनची, शंभरच्या आसपास पळणाऱ्या गाड्यांच्या हिशोबाने सगळं मांडलेलं, आणि ५५ पर्यंत सरळ रस्त्यावर गाड्या अडीचशेच्या वर जायला लागल्या होत्या, पब्लिक मात्र तिथल्या तिथेच. नंतर तिथले पिट आणि स्टँड पाडून नव्याने बांधले. स्वित्झर्लंडने तर सर्किट रेसिंगवरच बंदी घातली, नंतर थेट २०१८ ला झुरिकमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला ई रेस झाली.

पण म्हणून सगळे लगेच शहाणे झाले असंही नाही. १९५७ ला इटलीत मिल्ले मिल्या, म्हणजे गावागावातून जाणाऱ्या रस्त्यावरची रेस, त्यात दे पोर्तागो या ड्रायव्हरच्या फेरारीचा टायर फुटला आणि कडेला उभी असलेली ९ माणसं गेली, त्यात ५ लहान मुलं. त्यानंतर वेगाची रेस म्हणून ती बंदच झाली. १९६१ ला इटलीतल्याच मोंझाच्या ट्रॅकवर परत तेच, फॉन ट्रिप्स हा ड्रायव्हर आणि पंधराएक प्रेक्षक गेले.

मग बांधाच्या जागी गार्डरेल, काँक्रीट, वर उंच जाळी, कडेला रिकामी जागा, स्टँड मागे, असं हळूहळू येत गेलं. तरी चाक उडून जाळीवरून जायचंच, अमेरिकेत १९९८ ला मिशिगनला ३ आणि १९९९ ला शार्लटला ३ प्रेक्षक असेच गेले. एफ-वनमध्ये (फॉर्म्युला वन) १९९९ पासून चाक दोरखंडाने गाडीला बांधून ठेवतात. तरीही २००० ला मोंझाला आणि २००१ ला मेलबर्नला सुटलेल्या चाकाने एकेक मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला सुरक्षेसाठी उभा असणारा माणूस, गेला. पब्लिक कितीही मागे सरकवलं तरी मार्शल तिथेच उभा असतो, त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

जाळीची पण एक गोची आहे, ती पब्लिकला वाचवते पण गाडी तिच्या खांबावर आदळली तर ड्रायव्हरचं काही खरं नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये लास वेगासला डॅन व्हेल्डन हा ड्रायव्हर असाच गेला. (त्याच महिन्यात आपल्याकडे ग्रेटर नोएडाला पहिली एफ-वन झाली आणि इतका चकाचक ट्रॅक असून प्रॅक्टिसमध्ये कुत्रं घुसलं, सेशन थांबवावं लागलं!)

आता तुमच्या कामाचं. रॅलीचा रस्ता कित्येक किलोमीटरचा, सगळीकडे जाळी लावणार कोण? पोर्तुगालला १९८६ मध्ये लोक रस्त्यातच उभे राहायचे, गाडी अगदी अंगावर आली की बाजूला व्हायचे, गाडीला हात लावला की मर्दुमकी. शेवटी सांतोस या ड्रायव्हरची फोर्ड घुसली गर्दीत, ३ गेले, तिसाच्या वर जखमी, मोठ्या टीमच्या ड्रायव्हर्सनी पुढे गाडी चालवायलाच नकार दिला. ग्रुप बी नावाच्या गटातल्या राक्षसी ताकदीच्या रॅली गाड्या त्याच वर्षाअखेर बंद झाल्या, मे मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत टोइव्होनेन हा ड्रायव्हर अपघातात गेल्यावर.

तर तिथे गेल्यावर वळणाच्या बाहेरच्या बाजूला चुकूनही उभं राहू नका, घसरलेली गाडी तिकडेच जाते. रस्त्यापेक्षा वर, दरडीवर वगैरे जागा बघा, मागे पळायला वाव पाहिजे, आणि कडेला बांधलेली टेप ओलांडून रस्त्याच्या बाजूला जायचं नाही म्हणजे नाही. रेसच्या गाड्यांच्या आधी ० नंबरची गाडी रस्ता बघत जाते, ती गेली की नंतर रस्ता ओलांडायचाच नाही. मार्शलची शिट्टी वाजली की मोबाईल खाली, गाडी कुठून येते तिकडे डोळे. रील काढायला रस्त्याला पाठ करून उभं राहणारा एखादा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला तेवढा आवरा.