कुणीच ‘ओढ’ म्हणालं नव्हतं

“मुलगा मुळात चांगला आहे हो, पण मित्र धड नाहीत. तुम्ही त्याला ते मित्र तेवढे सोडायला लावा.” किशोरवयीन मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा यातलं पहिलं वाक्य बसल्या बसल्या येतं आणि दुसरं निघायच्या आधी. ही काळजी इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याबद्दल एकदा नीट लिहायला हवं असं वाटत होतं. त्यासाठी एका मुलाची हकिकत सांगते. त्याला आपण समीर म्हणू. सगळी नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

समीर सोळा वर्षांचा. शर्टाला सिगारेटचा वास आला म्हणून आईने दप्तर तपासलं, तर तळाशी लायटर सापडला. त्या रात्री घरात मोठी वादावादी झाली. फोन काढून घेतला, क्लास बदलला, संध्याकाळचं बाहेर जाणं बंद केलं. महिनाभर हे चाललं. मुलगा सुधारेल ही अपेक्षा होती, पण तो घुमा झाला. जेवायला बोलावलं की यायचा, चार घास खाऊन उठायचा. एके दिवशी नव्या क्लासला जातो असं सांगून तो त्याच जुन्या मित्रांकडे गेल्याचं कळलं, तेव्हा आईवडिलांनी माझी वेळ घेतली.

वडील चिडलेले होते आणि त्या चिडण्याखाली घाबरलेले होते. “मॅडम, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय!” असं म्हणून त्यांनी रोहन नावाच्या मुलाबद्दल सांगायला सुरुवात केली. हा रोहनच सगळ्याचं मूळ, असं त्यांचं ठाम मत होतं. आई बराच वेळ गप्प होती. मी दोघांना विचारलं, “या मुलांमध्ये मिसळायला लागल्यापासून समीरमध्ये एखादी चांगली गोष्ट आली का?” वडील लगेच म्हणाले, “काही नाही.” आईने जरा थांबून उत्तर दिलं, “गणित.” गेल्या वर्षी गणितात कसाबसा पास झालेला मुलगा याच गटातल्या एकाबरोबर बसून रोज गणितं सोडवायला लागला होता. पहाटे उठून धावायलाही जायचा. घरच्यांनी वर्षभर सांगून जे झालं नव्हतं ते मित्रांनी न सांगता झालं होतं. क्लास बदलला, बाहेर जाणं थांबलं, तेव्हा गणित आणि धावणंही थांबलं होतं, हे वडिलांच्या तेव्हा लक्षात आलं.

समीरला मी एकट्याला भेटले. माझा नियम मी प्रत्येक मुलाला आधीच सांगते: इथे बोललेलं इथेच राहील, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि तेही तुला सांगून. हे ऐकून त्याने मान हलवली, पण पहिल्या भेटीत फारसं काही बोलला नाही. “सगळेच ओढतात.” “एवढं काय त्यात.” असंच चाललं होतं. मी सिगारेटच्या दुष्परिणामांबद्दल एक शब्द बोलले नाही. ते त्याला माहीत होते. माहिती नसल्यामुळे सिगारेट ओढणारा मुलगा मला क्वचितच भेटतो.

पुढच्या वेळी मी त्याला म्हटलं, “पहिल्यांदा ओढलीस तो प्रसंग मला अगदी सावकाश सांग. कोण कुठे उभं होतं, कोण काय बोलत होतं, सगळं.”

जिन्याखाली पाच जण उभे होते. रोहनने सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले आणि शेजारच्याकडे दिली. गप्पा आदल्या दिवशीच्या मॅचच्या चालल्या होत्या, त्या थांबल्या नाहीत. सिगारेट एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. समीर चौथा होता.

“माझ्याआधी दोघं होते ना, तेव्हाच पोटात गोळा आला. मग एकच जण राहिला.”

“मग?”

“मग आली माझ्याकडे.”

“कुणी म्हणालं का, ओढ म्हणून?”

त्याने खूप आठवून पाहिलं. “नाही. कुणी बघतसुद्धा नव्हतं. मी घेतली, ओढली, खोकला दाबला आणि पुढे दिली.”

“आणि न ओढता पुढे दिली असतीस तर?”

तो चटकन म्हणाला, “तर सगळ्यांनी बघितलं असतं.”

या उत्तरापाशी मी आईवडिलांना थांबायला सांगते. आपल्या डोक्यातलं चित्र असं असतं की चार वाह्यात मुलं आपल्या मुलाला घेरून आग्रह करतात आणि तो बिचारा बळी पडतो. म्हणून आपण सांगतो, “ठामपणे नाही म्हणायला शीक.” पण कुणी विचारलेलंच नसतं, तर मुलाने नाही कुणाला म्हणायचं? जिन्याखाली जबरदस्ती नव्हती, टोमणा नव्हता. दबाव होता तो वेगळं दिसण्याचा. बहुतेक वेळा तो असाच, एक शब्दही न बोलता काम करतो. म्हणूनच नंतर मुलाला विचारलं की “तुला कुणी भाग पाडलं?”, तर तो “कुणीच नाही” म्हणतो आणि ते खरं असतं. घरच्यांना मात्र तो मित्रांना पाठीशी घालतोय असं वाटतं.

हे फक्त मुलांचं होतं असंही नाही. 1951 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका रेषेइतकीच लांब रेषा तीन रेषांतून ओळखायची, इतकं सोपं काम. खोलीतला एकच माणूस खरा सहभागी, बाकीचे आधीच शिकवून ठेवलेले. ते ठरलेल्या फेऱ्यांना एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही अशा फेऱ्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश वेळा खऱ्या सहभागींनी गटाचंच चुकीचं उत्तर दिलं. चारांपैकी तिघे निदान एकदा तरी वाहवत गेले. हे सगळे कॉलेजातले तरुण होते आणि गटातली माणसं त्यांना अनोळखी होती. समीरच्या बाबतीत तर ती त्याची जिवाभावाची माणसं होती.

शिवाय वयाचा भाग आहेच. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी मित्रांच्या सोबतीत. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मित्र जवळ असताना एकट्याने खेळणाऱ्यांपेक्षा खूपच जास्त धोके पत्करले. चोविशीच्या पुढच्यांमध्ये फारसा फरक दिसला नाही. पुढे 2011 च्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूचं चित्रण केलं. मित्र दुसऱ्या खोलीत बसून नुसते पडद्यावर बघत होते, तरी बक्षीस मिळाल्यावर जे भाग उद्दीपित होतात तेच या मुलांमध्ये अधिक सक्रिय झाले. एकटा असताना शहाण्यासारखा वागणारा मुलगा चौघांत वेगळाच का होतो, याचं उत्तर यात बरंचसं मिळतं. तो ढोंगी नसतो.

समीरला मी विचारलं, “बाकीच्यांना सिगारेट आवडत होती, हे तुला कसं कळलं?”

“ओढत होते की.”

“तूही ओढत होतास.”

यावर तो काही बोलला नाही. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी 1993 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं दारूबद्दल जे निरीक्षण मांडलं ते मी त्याला सांगितलं. आपल्यालाच तेवढं हे पिणं खटकतंय, बाकी सगळे मजेत आहेत, असं तिथल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला वाटत होतं. म्हणजे बऱ्याच जणांना खटकत होतं आणि जो तो स्वतःला एकटा समजत होता. कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे कुणाला कळत नव्हतं.

हे ऐकताना समीरचं लक्ष दुसरीकडेच गेलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, “अनय ओढत नाही बहुतेक.”

“कशावरून?”

“त्याच्याकडे गेली की टोक लाल होत नाही. तो तोंडाला लावतो आणि देतो पुढे.”

हे त्याने कितीदा तरी पाहिलेलं होतं, पण त्याचा अर्थ त्या क्षणी पहिल्यांदा लागला. अनय म्हणजे त्याला गणित शिकवणारा मित्र. दोघं शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांसाठी नाटक करत होते.

अ‍ॅश यांच्याच प्रयोगांमधला एक भाग मला या कामात फार उपयोगी पडतो. गटातल्या एकानेही खरं उत्तर दिलं, तर खऱ्या सहभागीचं वाहवत जाणं साधारण चौथ्या हिश्श्यावर यायचं. बाकी सगळे चुकीच्याच बाजूला असायचे, तरीही एक माणूस पुरायचा. म्हणून मी कुठल्याही मुलाला “मित्र सोड” असं सांगण्याआधी त्या मित्रांमध्ये असा एक जण आहे का ते शोधते. बहुतेक गटांमध्ये तो असतो. तो नायक वगैरे नसतो. बरेचदा लाजरा असतो, लवकर घरी जाणारा असतो.

समीरने अनयला काय म्हणायचं याची आम्ही तयारी केली, पण भाषण नको असं ठरवलं. घरी परतताना त्याने एवढंच विचारलं, “तू ओढत नाहीस ना?” अनय म्हणे इतका दचकला की आधी चक्क नाकारलं, मग म्हणाला, “कुणाला सांगू नकोस.” दोघं रस्त्यात उभे राहून हसले. पुढच्या वेळी अनयने सिगारेट तोंडाला न लावता पुढे दिली. समीरनेही दिली. रोहन म्हणाला, “काय रे, संत झालात का दोघं?” हशा पिकला आणि पुन्हा मॅचच्या गप्पा सुरू झाल्या. समीर मला म्हणाला, “मी एकटा असतो ना, तर त्या हसण्याला घाबरून घेतली असती.”

आईवडिलांचं काम यापेक्षा अवघड होतं. फोन परत द्यायचा, जुना क्लास सुरू करायचा आणि त्या मुलांना घरी बोलवायचं, हे मी सुचवलं तेव्हा वडील ताडकन म्हणाले, “रोहनलासुद्धा?” हो, रोहनलासुद्धा. तोही सोळाच वर्षांचा आहे, आणि त्याच्या घरी कदाचित समीरचं नाव वाईट संगत म्हणून निघत असेल. मित्रांवर बंदी घातली की मुलगा मित्र सोडत नाही, घरी सांगायचं सोडतो. समीरच्या बाबतीत तेच झालं होतं. घरात अबोला आणि बाहेर आपली माणसं, अशी स्थिती आली की तो गटाला जास्तच चिकटतो, कारण दुसरीकडे कुठे जागा उरलेली नसते.

आम्ही एक तोडगाही ठरवला. कुठेही अडचण वाटली की समीरने वडिलांना एक ठरलेला, साधा दिसणारा मेसेज करायचा. वडिलांनी लगेच फोन करून दरडावायचं, “आत्ताच्या आत्ता घरी ये.” मुलाने मित्रांसमोर कपाळाला हात लावायचा आणि निघायचं. त्या रात्री प्रश्न नाहीत. बोलणं दुसऱ्या दिवशी, शांतपणे. “म्हणजे खोटं बोलायला मीच मदत करायची?” असं वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला तिथून निघायचंय हे खरंच आहे, फक्त निघण्याचं कारण तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय. सोळाव्या वर्षी मित्रांमध्ये मान राखून बाहेर पडता येणं ही फार मोठी सोय असते. “बाबा रोज वास घेतात रे” हे वाक्यही वडिलांनी त्याला वापरायची परवानगी दिली.

“पण हा कायमच असा दुसऱ्यांच्या तालावर नाचणार का?” हा त्यांचा खरा प्रश्न होता. स्टाइनबर्ग आणि कॅथरिन मोनाहन यांच्या 2007 च्या अभ्यासानुसार मित्रांच्या प्रभावाला तोंड देण्याची क्षमता चौदा ते अठरा या वयात सतत वाढत जाते. समीर त्या वाटेच्या मध्यावर आहे, हे कळल्यावर वडिलांचा आवाज जरा खाली आला.

काही वेळा मात्र वाट बघायची नसते. मुलाला कुणी धमकावत असेल, फोटो किंवा व्हिडिओ दाखवून भीती घालत असेल, घरातले पैसे जात असतील, अंगावर जखमा दिसत असतील, अमली पदार्थांचा संशय असेल, तर मोठ्यांनी मधे पडून त्याला तिथून बाहेर काढायचं. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी आली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. आणि सकाळी उठल्या उठल्या सिगारेटची तलफ येत असेल, तर तो आता मित्रांचा प्रश्न राहिलेला नाही. निकोटिनचं व्यसन सोडवायला डॉक्टरांची मदत लागते.

समीरचं पुढे काय झालं? रोहन अजून सिगारेट ओढतो. गट टिकून आहे, फक्त जिन्याखाली जमणं कमी झालंय. एका वाढदिवसाला समीरनेही पुन्हा ओढली आणि दुसऱ्या दिवशी आईला आपणहून सांगितली. आईने ऐकून घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. गणित आणि धावणं परत सुरू झालं.

शेवटच्या भेटीत वडिलांनी विचारलं, “मॅडम, मुलाच्या मित्रांमधला असा एक जण आम्ही ओळखायचा कसा?” तुम्हाला तो ओळखता येणार नाही, मुलालाच येईल, असं मी म्हटलं. “तुझे मित्र” असं एकगठ्ठा बोलू नका, एकेकाबद्दल विचारा. सगळ्यांत आधी घरी जायला कोण निघतं? एखादी गोष्ट पटली नाही की कोण गप्प होतं? तू आजारी पडलास तर फोन कुणाचा येतो? वडिलांनी खिशातून पेन काढलं आणि पाचही मुलांची नावं लिहायला घेतली. समीर आणि रोहन ही दोन लिहून झाल्यावर ते थांबले आणि बाकीची विचारायला बाहेर बसलेल्या समीरकडे गेले.